सावकाशबाईंची थांबलेली बोटं

समुपदेशन केंद्रातले लोक त्यांना सावकाशबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंचे कान तिखट, त्यामुळे त्यांना ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. राग आला का? छे! "नाव ठेवायचंच तर निदान खरं तरी ठेवलंत," म्हणून त्या हसल्या आणि चहा गाळायला लागल्या. चहाही सावकाशच.

आता त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. समुपदेशन केंद्र नव्या इमारतीत गेलं. तिथे काचेची दारं आहेत आणि खुर्च्या इतक्या मऊ की बसलेल्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो. बाई एकदा जाऊन बघून आल्या, "छान आहे हो," म्हणाल्या आणि घरी आल्या. त्यांचा जीव अजून त्या जुन्या खोलीत आहे. खाली लॉन्ड्री, वर ही खोली. दिवसभर खालून वाफ यायची आणि गरम इस्त्रीच्या सुती कपड्यांचा वास यायचा. दोन लाकडी खुर्च्या, एकीचा हात ढिला. टोपलीत गोटे ठेवलेले, हातात धरायला. खिडकीतून समोरच्या इमारतीचा गंजका पाइप दिसायचा, बाकी काही नाही. पण त्या वासात काहीतरी असं होतं की आलेला माणूस दोन मिनिटांत खांदे खाली सोडायचा. नव्या इमारतीत म्हणे त्यासाठी सुगंधी दिवे लावतात. लावोत बापडे.

त्या खोलीत यायची ती माणसं एखाद्या अपघाताने मोडलेली नसायची. लहानपणापासून, रोज थोडं थोडं, आणि बहुतेकदा घरच्याच माणसांनी मोडलेली असायची. अशांना भेटलं की जो तो एकच सल्ला देतो: "एकदाचं सगळं बोलून टाक, मोकळी हो." उचलली जीभ लावली टाळ्याला! बाईंचं म्हणणं असं, की विहिरीत उतरायचं ते उतरायचंच, पण आधी दोर ओढून बघा की. माणसाला झोप लागते का, घास गिळतो का, अंगात भीती शिरली की ती ओळखता येते का, आणि मुख्य म्हणजे भूतकाळात गेलेलं मन आपलं आपण आजच्या खोलीत परत आणता येतं का. हे आधी. जुन्या जखमेला हात त्यानंतर. इतर समुपदेशक महिन्या-दोन महिन्यांत त्या कामाला हात घालायचे, बाई वर्ष घ्यायच्या. म्हणून ते नाव.

हे बाई पुस्तकांतून शिकल्या होत्या, पण त्याच्याही आधी घरात शिकल्या होत्या. त्यांचे वडील अग्निशमन दलात होते. तरुणपणी एका गोदामाच्या आगीतून ते वाचले, त्यांचे सोबती वाचले नाहीत. पुढे घरी पाहुणे आले की हमखास कुणीतरी म्हणायचं, "काका, तो गोदामाचा प्रसंग सांगा ना!" वडील भिडेपोटी सांगायचे. सांगायचेही छान. पाहुणे "बाप रे!" म्हणायचे, हात पुसायचे आणि आपापल्या घरी जाऊन घोरायचे. इकडे वडील मात्र खुर्चीत बसून राहायचे, डोळे भिंतीवर, हाक मारली तरी ओ नाही. मग आई आतून खणखणीत आवाजात ओरडायची, "अहो, ही भांडी कोण घासणार? माझे हात दुखतात!" वडील उठायचे, गार पाण्याच्या धारेखाली हात धरायचे, घासत राहायचे. आई शेजारी उभी राहून विसळत राहायची. बऱ्याच वेळाने वडील कुरकुरायचे, "हे पातेलं कुणी करपवलं?" की आई सुटकेचा श्वास टाकायची. नवरा कुरकुरला म्हणजे नवरा परत आला. बिचारीने मानसशास्त्राचं एक अक्षर वाचलं नव्हतं. बाई अजूनही ही आठवण सांगताना हसतात आणि सांगून झाल्यावर चष्मा पुसतात.

तर अशा या सावकाशबाईंकडे एक पाववाली आली. बेकरीत भट्टीवर काम करायची, तिशीची, दंड मजबूत, मनगटावर भाजल्याचे डाग. बाईंच्या मनात तिचं नाव पाववाली असंच पडलं. पहिल्याच दिवशी ती खोलीत शिरली आणि दार बंद होताना बघून तशीच उभी राहिली. बाईंनी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "उघडं राहू द्या. नाहीतर मी जाते."

आता झाली का पंचाईत! इथलं बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही हा पहिला नियम, आणि या बाईला बंद दार चालत नाही. बाईंनी डोकं चालवलं. दाराखाली लाकडाची पाचर घातली आणि बाहेर कारकुनाच्या टेबलावर रेडिओ लावून ठेवायला सांगितला, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जाणार नाही. कारकून खूश. दर आठवड्याला ऑफिसच्या वेळेत तासभर गाणी, आणि तीही वरिष्ठांच्या हुकुमाने!

पाववालीचं लहानपण जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत गेलं होतं. म्हणजे घर होतं, आई होती, सगळं होतं; पण बापाचं डोकं फिरलं की तो तिला तिथे कोंडायचा. कधी तासभर, कधी दिवसभर, कधी विसरूनच जायचा. हे वर्षानुवर्षं. आता बाप गेला होता, ते घरही राहिलं नव्हतं, पण ती रात्री आडवी न होता बसूनच झोपायची, भट्टीसमोर उभी असताना मध्येच "नाहीशी व्हायची" आणि हात भाजल्यावर भानावर यायची.

"ते सगळं सोसलं मी," ती म्हणाली. "सवय झाली. पण माझी पोर आहे सहा वर्षांची. झोपायच्या आधी ती घरातली सगळी दारं ढकलून बघते, उघडी आहेत ना म्हणून. न्हाणीघराचं, कपाटाचंसुद्धा. मी शिकवलं नाही हो. माझं बघून शिकली. परवा मैत्रिणीकडे गेली तर तिथे दार लावलं म्हणून रडून गोंधळ घातला. माझं व्हायचं ते झालं, ताई, पण तिला हे नको. काढून टाका माझ्यातलं. दात उपटतात तसं उपटा. आजच सुरू करू."

बाई म्हणाल्या, "झोप किती लागते तुम्हाला?"

"मी काय सांगतेय आणि तुम्ही काय विचारताय!" पाववाली भडकली. मग म्हणाली, "आणि ते अहो-जाहो नको. बँकेत आल्यासारखं वाटतं. अगं-तुगं करा."

"बरं. झोप किती लागते गं तुला?"

असं सुरू झालं. पाववाली दर खेपेला घाई करायची आणि बाई दर खेपेला तिला मागे आणायच्या. पावलं जमिनीवर टेकव. फरशी गार लागते का? खोलीत काय दिसतंय सांग. "पाइप. गंजलेला. जरा रंग लावायला सांगा की कुणाला," ती म्हणायची, आणि बाईंना आपले कुरकुरणारे वडील आठवायचे. मनातली सुरक्षित जागा शोध म्हटलं तर म्हणाली, अशी जागाच नाही. चार-पाच भेटी त्यातच गेल्या. शेवटी सापडली ती बेकरीतच: पहाटे मालक यायच्या आधी, पहिली लादी भट्टीतून निघते तेव्हा. पावाचा वास, ऊब, आणि रस्त्याकडचं शटर उघडं. आठवणी उसळल्या तर त्या ठेवायला मनातल्या मनात एक पेटी केली. "फेकायच्या नाहीत, पेटीत घालायच्या. वेळ आली की आपण दोघी मिळून उघडू," बाई म्हणाल्या. पोरीवर आवाज चढायच्या आधी कानामागे जी गरम कळ येते, ती ओळखायला ती शिकली. मालकाने सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर "जमणार नाही" म्हणायला शिकली. पहिल्यांदा तसं म्हणाली तेव्हा सरळ केंद्रात धावत आली आणि दोघींनी खालच्या टपरीवरून चहा मागवला.

आणि दाराची फट बारीक होत गेली. पाववाली स्वतःच पाचर सरकवायची, दर महिन्याला जराशी. एक दिवस तिने पाचर उचलली आणि खिडकीत ठेवून दिली. दार लागलं. ती पांढरी पडली, पावलं दाबून बसली, पाइपाला चार शिव्या हासडल्या आणि सावरली. बाहेर कारकुनाचा रेडिओ बंद झाला. तो बरेच दिवस तोंड पाडून होता.

कुणीही म्हणेल, झाली तयारी. बेकरीत लोखंडी ट्रे आपटला तर बाकीचे उडाले आणि हिने पावलं टेकवून कणीक मळणं चालू ठेवलं, इथवर गाडी आली होती. पण बाई म्हणाल्या, "छान. अजून थोडं." पुढच्या महिन्यातही अजून थोडं. त्याच्या पुढच्याही. पाववाली एकदा जाता जाता म्हणाली, "पोर अजून दारं बघतेय, ताई." बाईंना त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटी पेटी उघडायचा दिवस ठरला. पद्धत अशी: बाई दोन बोटं तिच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे नेणार, ती नजरेने पाठलाग करत कोंडल्याची आठवण मनात आणणार, जे येईल ते येऊ देणार. मध्ये नको वाटलं तर तिने हात वर करायचा, की बाई तिथल्या तिथे थांबणार. "थांबवायचं तू. मी नाही. हा हात तुझा," बाईंनी दहादा बजावलं होतं.

बोटं फिरायला लागली. पाववालीचे डोळे फिरायला लागले. थोड्या वेळाने तिचा श्वास जोरात चालायला लागला, ओठ थरथरले, रंग उडाला. आणि मग नजर बोटांवर असूनही बाईंना ती भिंतीवर खिळल्यासारखी वाटली. अगदी तशीच. खुर्चीतल्या माणसासारखी. बाईंची बोटं थांबली.

"बस. आज एवढंच. पावलं टेकव," त्या म्हणाल्या.

पाववालीचा हात मांडीवर होता. तिने तो उचलला नव्हता. तिने बाईंकडे पाहिलं.

"मी हात केला होता का?"

"अगं, तू इतकी—"

"मी हात केला होता का, ताई?" आता ती उभी राहिली होती. "मी दारापाशी पोचले होते. आतल्या बाजूने. आणि तुम्ही मला तिथेच सोडून थांबलात. कधी आत जायचं, कधी बाहेर यायचं, हे जन्मभर दुसऱ्यानेच ठरवलं माझं. तुम्ही म्हणाला होता, हात माझा."

तरी बाईंनी तिला तशी जाऊ दिली नाही. बसवलं, पाणी दिलं, ती आठवण पेटीत ठेववून घेतली. पाववालीने सगळं मुकाट्याने केलं, शिकवलं होतं तसं केलं, आणि जाताना दार हळूच ओढून घेऊन गेली. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंचा जीव टांगणीला लागला. ठरलेल्या वेळी त्या खोलीत एकट्या बसून राहायच्या, पायऱ्यांवर पाऊल वाजलं की मान वर. आपल्या हातून चूक झाली ती झाली, पण त्यापायी ती एवढीशी पोर आयुष्यभर दारं ढकलत राहणार, हे त्यांना सहन होईना.

त्या त्यांच्या मोठ्या मॅडमकडे गेल्या. समुपदेशकालाही कुणीतरी लागतं की, मोठ्या मॅडम म्हणजे ते माणूस. ऐंशीच्या घरातल्या, कानाने अधू, जिभेने मुळीच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घाबरलं कोण?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"ती पांढरी पडली होती हो, मॅडम. मला वाटलं—"

"ती नव्हे गं. ती घाबरणारच, घाबरायलाच बसली होती. वर्षभर तिला पोहायला शिकवलंस आणि ती पाण्यात शिरल्यावर तूच काठावर बोंब ठोकलीस. कोण दिसलं तुला त्या खुर्चीत?"

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. मोठ्या मॅडमनी आपला रुमाल पुढे केला.

"तुझ्या वडलांना कुणी काही शिकवलं नव्हतं, बाळा. पाहुणे म्हणायचे आणि ते सांगायचे. तिला तू शिकवलं आहेस. तुझाच तुझ्या शिकवण्यावर विश्वास नाही होय? दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पी, पण दुसऱ्याचं ताक कशाला फुंकतेस?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी बेकरी बंद व्हायच्या वेळेला पाववालीला फोन केला. मनात बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. "चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "तू तयार होतीस. भीती माझी होती, तुझ्या नावावर घातली. परत बसायचं की नाही ते तू ठरव. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर मी चांगलं माणूस सुचवते."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग पाववाली म्हणाली, "दुसऱ्या कुणाला परत झोप किती लागते ते सांगत बसू का? येते मंगळवारी."

मंगळवारी ती आली. गप्पा नाहीत, सरळ खुर्चीत. बाईंनी बोटं वर धरली. सुरुवात झाली. पुन्हा तो श्वास, पुन्हा तो रंग. बाईंची बोटं मात्र चालू राहिली. दंड भरून आला, खांदा ठणकायला लागला, तरी चालूच. मध्ये मध्ये विसावा, एक श्वास, "आता काय येतंय?" एवढंच विचारायचं, आणि पुढे.

"अंधार... बाहेर जेवताहेत. चमचे वाजताहेत."

"हं. तसंच पुढे."

"मी दार वाजवत नाहीये. मी वाजवणं सोडून दिलंय."

पाववालीचा उजवा हात मांडीवरून उठला. बाईंनी श्वास रोखला. हात वर आला, आणि त्याच्या पाठीने तिने आपलं नाक पुसलं. हात परत मांडीवर गेला. बाईंची बोटं चालत राहिली.

मग पाववाली अचानक मोठ्याने रडायला लागली. इतक्या दिवसांत ती कधी रडली नव्हती.

"ताई, किती लहान होते हो मी! मला वाटायचं मी वाजवलं नाही म्हणून. आणखी जोरात वाजवलं असतं तर कुणी उघडलं असतं. पण कडी बाहेरून होती! अहो, बाहेरून होती ती. आणि मी माझ्या पोरीएवढी होते. एवढीशी!" तिने हाताने जमिनीपासूनची उंची दाखवली, आणि तो हात तसाच हवेत, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखा, बराच वेळ राहिला.

काम एका दिवसात संपलं नाही. अशा कितीतरी आठवणी होत्या, एकेक करत त्या दोघींनी पेटीतून काढल्या. बोटं पुन्हा थांबली नाहीत. पण बाईंना त्या सगळ्यांत आठवते ती अगदी शेवटाकडची एक भेट. पाववाली आली तीच तणतणत.

"आधी माझं ऐकून घ्या. त्या कार्टीने माझा जीव नकोसा केलाय! काल म्हटलं, पसारा उचल. तर मला उलट उत्तर! 'तू सारखी ओरडतेस' म्हणे. आणि गेली तरातरा आतल्या खोलीत, आणि माझ्या तोंडावर धाडकन दार आपटलं. वर स्टूल ओढून आतून कडी! एवढंसं चिलट आणि मिजास बघा."

"मग तू काय केलंस?"

"करणार काय? बाहेरून ओरडले, म्हटलं बस तिथेच. आणि गेले मी कपडे वाळत घालायला. ढीगभर कपडे होते, चादरी तर..."

पाववाली बोलता बोलता थांबली. तोंड तसंच उघडं. खालून इस्त्रीची वाफ फुसफुसत होती.

"ताई, तिने दार लावलं."

"हो."

"आतून. आपलं आपण."

"हो गं."

"आणि मी कपडे वाळत घालत होते."

समोर बसलेल्यापुढे आपण रडायचं नाही, असं बाईंना शिकवलेलं होतं, त्याही नव्या मुलींना तेच शिकवायच्या. त्या दिवशी त्या रडल्या. पदराने डोळे टिपून त्यांनी कसंबसं विचारलं, "मग उघडलं का तिने शेवटी?"

"उघडलं की," पाववाली म्हणाली. "भूक लागली तेव्हा."